परिषदेला जाताना व्हिसा कोणता घ्यावा?

आपल्या समाजातली बरीच मुलं-मुली आता डॉक्टर, नर्स, इंजिनियर, प्राध्यापक झाली आहेत. मुंबई, पुणे, बंगलोर इथल्या परिषदांची आमंत्रणं त्यांना येतात. मग अश्दोद असो की लोद, घरोघरी एकच सल्ला मिळतो, "अरे, टूरिस्ट काढ ना! उतरणार तर काकांकडेच, कोण विचारतंय?"

हा सल्ला आम्हाला पटत नाही. आपण कुठे उतरणार यापेक्षा कशासाठी जाणार, यावर व्हिसा ठरतो. विमानतळावर अधिकाऱ्याने प्रश्न केला आणि बॅगेत परिषदेचं आमंत्रण निघालं, तर उत्तर देणं जड जातं. परत पाठवलं तर तिकिटाचे पैसे बुडतातच, शिवाय पुढच्या अर्जांतही त्याचा खुलासा द्यावा लागतो.

भारताचा ई-व्हिसा इस्राएली पासपोर्टवर मिळतो. त्यात तीन प्रकार नीट समजून घ्या.

टूरिस्ट : फिरणं, नातेवाइकांना भेटणं. तिथे पोचल्यावर तो दुसऱ्या प्रकारात बदलून मिळत नाही.

बिझनेस : मालाची खरेदी-विक्री, कंपनीच्या बैठका, व्यापारी प्रदर्शनं. मुदत एक वर्ष, अनेक वेळा जाता येतं.

कॉन्फरन्स : परिषद, सेमिनार, वर्कशॉप. मुदत ३० दिवस, प्रवेश एकदाच. आयोजकांचं आमंत्रण आणि भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची मंजुरी, हे कागद लागतात. मंजुरी आयोजकच मिळवतात, तेव्हा आमंत्रण आलं की लगेच त्यांच्याकडे मागा. शेवटच्या आठवड्यात धावाधाव नको.

ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे त्यांना ही कटकटच नाही. सक्तीची लष्करी सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही हे कार्ड मिळेल, असं पंतप्रधान मोदी यांनी जुलै २०१७ मध्ये तेल अवीवला जाहीर केलं होतं. अजून काढलं नसेल तर जरूर चौकशी करा. मात्र मार्च २०२१ च्या नियमाप्रमाणे संशोधन किंवा पत्रकारिता करायची असेल, तर कार्ड असूनही वेगळी परवानगी घ्यावी लागते.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तिथे परिषद 'बिझनेस'मध्येच धरतात. ऑक्टोबर २०२३ पासून इस्राएली नागरिकांना 'एस्टा' मंजुरीवर ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं, फिरायलाही आणि परिषदेलाही. पण तिथे नोकरी करता येत नाही.

म्हणजे 'बिझनेस' हा शब्द एकच, पण देश बदलला की अर्थ बदलतो. म्हणून शेजाऱ्याने काय केलं ते पाहून अर्ज भरू नका. त्या देशाच्या सरकारी साइटवर वाचा, शंका आली तर वकिलातीला विचारा, आणि जायचं खरं कारण असेल तेच लिहा. काकांना भेटायला परिषद संपल्यावर जाता येईलच!