रापलेली त्वचा आणि कृत्रिम ऊन

ऑक्टोबर महिना लागला की कळंगुट, मोरजी, पाळोळे येथील किनाऱ्यांवर परदेशी पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. भर दुपारी, ज्या वेळी रापणकार जाळे आवरून होडीच्या सावलीला बसतात, नेमक्या त्याच वेळी हे पाहुणे उघड्या अंगाने वाळूवर पहुडलेले दिसतात. ज्याला ऊन चुकविणे हेच शहाणपण वाटते अशा येथील माणसाला याचे नवल वाटावे हे साहजिक आहे. उन्हाने त्वचा काळवंडणे याला मराठीत ‘रापणे’ हा चपखल शब्द आहे व तो कष्टकऱ्याच्या चेहऱ्यासाठी वापरला जातो. युरोपात मात्र रापलेली त्वचा ही सुटी, सुबत्ता आणि आरोग्य यांची खूण मानली जाते.

ही समजूत तिकडेही फार जुनी नाही. शेतमजूर उन्हात राबत होता तोवर तेथील उच्चवर्गीय स्त्रियाही छत्री व हातमोजे वापरून आपली गोरी कांती जपत असत. कारखाने आले, मजूर छपराखाली गेला आणि त्याचा चेहरा फिकट पडला, तेव्हा समुद्रकिनारी सुटी घालवू शकणाऱ्या श्रीमंतांची रापलेली कांती प्रतिष्ठेची ठरली. वैद्यकाचाही यास हातभार लागला. त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांनी उपचार करणारे डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील लेझां येथे डॉ. ऑग्युस्त रोलिए क्षयरोग्यांना डोंगरावरील उन्हात ठेवून उपचार करू लागले. औषध म्हणून आलेले ऊन पुढे हौसेचे झाले. १९७० नंतरच्या दशकात जर्मनीत सनबेड, म्हणजे कृत्रिम उन्हाचे पलंग, तयार होऊन ते युरोप-अमेरिकेत सर्वत्र पसरले. ज्यांना हिवाळ्यात गोव्यापर्यंत येणे परवडत नाही, त्यांना गावातल्याच दुकानात पाच-दहा मिनिटांत रापून मिळू लागले.

सनबेड दिसावयास साधा असतो. काचेखाली नळीदिव्यांची रांग, वर झाकणासारखी तशीच दुसरी रांग आणि मध्ये माणूस. या दिव्यांतून अतिनील किरण बाहेर पडतात. डोळ्यांना न दिसणारे हे किरण सूर्यप्रकाशातही असतात. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अशा किरणांपैकी सुमारे ९५ टक्के ‘अ’ प्रकारचे, तर उरलेले ‘ब’ प्रकारचे असतात. ‘ब’ किरण त्वचेच्या वरच्या थराला भाजतात. ‘अ’ किरण खोलवर जाऊन त्वचेचा ताण व लवचीकपणा टिकविणारे तंतू झिजवितात. सनबेडमध्ये मुख्यतः ‘अ’ किरण वापरले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार शक्तिशाली यंत्रात त्यांची तीव्रता भूमध्य समुद्रावरील भर दुपारच्या उन्हाच्या दहा ते पंधरा पट असू शकते.

आता त्वचा रापते म्हणजे काय होते ते पाहू. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनिन नावाचे रंजकद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या व काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती व कशा प्रकारचे मेलॅनिन बनवितात यामुळे. अतिनील किरणांनी पेशीच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्याला इजा झाली की त्वचा अधिक मेलॅनिन तयार करून आपल्या पेशींवर जणू छत्री धरते. म्हणजेच ज्या तांबूस झाकेचे कौतुक होते, ती इजा होऊन गेल्याची पावती असते. बहुतेक इजा शरीर दुरुस्त करते. जी राहून जाते ती साठत जाते आणि वीस-तीस वर्षांनी सुरकुत्या, डाग किंवा कर्करोग या रूपाने पुढे येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये या यंत्रांना मनुष्यात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर याच गटात आहे. सनबेडचा वापर वयाच्या ३५ वर्षांपूर्वी सुरू करणाऱ्यांत मेलानोमा या त्वचेच्या सर्वांत घातक कर्करोगाचा धोका ५९ टक्क्यांनी वाढतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसून आले आहे. ऑस्ट्रेलियात क्लेअर ऑलिव्हर ही तरुणी २००७ मध्ये अवघ्या २६ व्या वर्षी मेलानोमाने मरण पावली. अखेरच्या दिवसांत तिने रुग्णशय्येवरून सनबेडविरुद्ध जाहीर आवाहन केले. त्यामुळे तेथील लोकमत हलले, निर्बंध आले आणि २०१६ पर्यंत त्या देशातील राज्यांनी सनबेडचा व्यवसायच बंद केला. ब्राझीलने ही बंदी त्यापूर्वीच, २००९ मध्ये घातली होती. फ्रान्स, ब्रिटन यांसारख्या देशांनी १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली आहे. प्रौढांसाठी दुकाने उघडीच आहेत. नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांतील मुलामुलींना ती दिसतात, आणि बरोबरीच्या मित्रमैत्रिणींचा आग्रहही होतो.

दुकानदारांचे दोन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. सुटीवर जाण्यापूर्वी थोडे रापून घेतले तर पुढे ऊन बाधत नाही, हा पहिला. अशा रापण्याने मिळणारे संरक्षण केवळ तीन-चार एसपीएफच्या मलमाइतके, म्हणजे नगण्य असते. दुसरा युक्तिवाद ड जीवनसत्त्वाचा. ते बनते ‘ब’ किरणांमुळे, आणि यंत्रात भर असतो ‘अ’ किरणांवर. त्यासाठी आहार, हातापायांवर पडणारे थोडे ऊन व आवश्यक तेथे डॉक्टरांनी दिलेली गोळी हे मार्ग आहेत. कोड व सोरायसिस यांवर रुग्णालयात अतिनील किरणांचे उपचार होतात हे खरे. बावचीचे बी आणि ऊन यांचा कोडावरील उपयोग आयुर्वेदाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु तेथे मात्रा मोजणारा वैद्य असतो व समोर रोग असतो. हौसेसाठी घेतलेल्या किरणांना यांतले काहीच लागू होत नाही.

‘आपण मुळातच सावळे, आपल्याला काय त्याचे?’ असे कोणी म्हणेल. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे चांगले नैसर्गिक संरक्षण आहे आणि भारतात मेलानोमाचे प्रमाण अल्प आहे, यात शंका नाही. तथापि सावळ्या माणसांत हा रोग तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो आणि तेथे तो उशिरा लक्षात येतो. किनाऱ्यावरील खोपट्यांतून ज्यांचे चित्र हमखास टांगलेले असते, ते जमैकाचे गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलानोमानेच वयाच्या ३६ व्या वर्षी वारले. नखाखालील वाढणारा काळा पट्टा, तळपायावरचा पसरणारा डाग, रंग किंवा कडा बदलणारा तीळ, भरून न येणारी जखम यांपैकी काही आढळल्यास काटा किंवा ठेच समजून दिवस काढू नयेत.

शिवाय आपल्याकडे हाच सोस उलट्या दिशेने चालतो. तिकडे गोरेपणा घालविण्यासाठी दिव्याखाली झोपतात, इकडे सावळेपणा घालविण्यासाठी मलमे चोळतात. लग्न ठरलेल्या मुलीच्या हाती पहिली नळी बहुधा घरातलेच कोणी देते, हे कटू असले तरी खरे आहे. यांपैकी कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. आरंभी चेहरा उजळतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाली व पुटकुळ्या येतात, केस वाढतात आणि मलम थांबविताच आग होऊ लागते. अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास केंद्र शासनाने २०१८ मध्ये मनाई केली आहे. नाव-पत्ता नसलेल्या काही क्रीमांत पारा असतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीमे वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचा विकार आढळल्याचे डॉक्टरांनी २०२३ मध्ये निदर्शनास आणले. लिंबाचा रस चेहऱ्यास लावून उन्हात बसण्याचा घरगुती उपायही टाळावा. रस आणि ऊन यांच्या संयोगाने त्वचा भाजते व मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

त्वचेची खरी निगा अल्प खर्चाची आहे. मार्च ते मे या काळात गोव्यातील दुपारचा अतिनील निर्देशांक दहाच्या पुढे जातो. तीनच्या वर गेला तरी काळजी घ्यावी असा संकेत आहे. शेत, मिठागर, होडी किंवा रस्त्याचे काम करणाऱ्यांनी शक्य तेवढे काम सकाळी अकराच्या आत व दुपारी तीननंतर उरकावे. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी, डोक्यावरून मानेपर्यंत येणारा पंचा किंवा पदर यांची सर कोणत्याही मलमाला नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के व समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत फेकतो, म्हणून छत्रीखालीही ऊन लागते. विरळ ढगांतूनही बहुतांश किरण खाली येतात. उघड्या भागास ३० किंवा अधिक एसपीएफचे मलम लावल्यास ते दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे लागते. खोबरेल तेल कोरड्या त्वचेस उत्तम, परंतु ते ऊन अडवीत नाही. शाळांतून क्रीडास्पर्धा व संचलनाचे सराव भर दुपारी ठेवले जातात. वेळापत्रक आखणाऱ्या शिक्षकांनी मनावर घेतल्यास ही गोष्ट विनाखर्च बदलता येईल.

चेहऱ्यावरील वांग, संशयास्पद तीळ किंवा मलमामुळे झालेला त्रास यांसाठी प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पुढील तपासणीची सोय बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात आहे. जाताना वापरात असलेल्या मलमाची नळी व तिचे खोके बरोबर न्यावे. छापील मजकूर खरडलेला किंवा पुसलेला असला तरी ते फेकू नये.