पहिला संगणक जोडताना आधी काय घ्यावं?

घरी पहिला संगणक जोडायला निघालेला मुलगा आधी प्रोसेसरचंच विचारतो. मी म्हणतो, थांब बाबा. आपल्या बीड जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र आहे, तरी गावातलं व्होल्टेज कधी वर, कधी खाली. म्हणून पैसे आधी एसएमपीएसवर घाला. भिंतीतली वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून तोच सगळ्या भागांना पुरवतो. स्वस्तातला जळाला तर कधी कधी मदरबोर्डही सोबत नेतो. उसाच्या बिलातून काढलेले पैसे गेले की हो! यूपीएस घेताना व्हीए म्हणजेच वॅट असं समजू नका. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो.

प्रोसेसर आणि बोर्ड यांचं सॉकेट एकच हवं. डीडीआर४ रॅम डीडीआर५च्या खाचेत बसतच नाही. नैयायिक म्हणतात, अवयवी हा अवयवांहून वेगळा. असेल, पण इथे एक अवयव जुळला नाही तर अवयवी जन्मालाच येत नाही. (हशा)

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हवा खेळती राहील असंच कॅबिनेट घ्या. ग्राफिक्स कार्ड? टायपिंग, हिशेब, ऑनलाइन तास यांना प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. मात्र प्रत्येक प्रोसेसरमध्ये ते नसतं, एवढं दुकानातच विचारून घ्या.