फोन मूळपदावर आणणे : काय परत येतं, काय येत नाही

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘सर, मी फोनमधली कंपनीची प्रणाली काढून दुसरी टाकली होती. आता फॅक्टरी रिसेट केलं, तरी जुनी काही परत आली नाही. असं का?’ तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न कुठून आला, असं काहींना वाटेल. पण प्रश्न फार चांगला आहे, आणि या वाटेवर मी स्वतः ठेच खाल्ली आहे. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. फोनच्या साठवणीत वेगवेगळे कप्पे असतात. एकात प्रणाली, म्हणजे अँड्रॉइड. दुसऱ्यात तुमचं सामान : फोटो, संदेश, अॅप. फॅक्टरी रिसेट हा दुसरा कप्पा रिकामा करतं. पहिल्यात जी प्रणाली आज बसलेली आहे, तीच तिथे राहते. भाडेकरूचं सामान बाहेर काढलं म्हणून त्याने पाडलेली भिंत आपोआप उभी राहत नाही. ती पुन्हा बांधावी लागते. फोनच्या भाषेत, निर्मात्याची फॅक्टरी इमेज नव्याने बसवावी लागते.

दुसरी गोष्ट बूटलोडरची. हा दारावरचा पहारेकरी. फोन सुरू होताना प्रणालीवर निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी आहे की नाही, हे तो बघतो. दुसरी प्रणाली बसवायची तर आधी त्याचं कुलूप उघडावं लागतं. मग फोन दर वेळी सुरू होताना इशारा दाखवतो, आणि बँकांची बरीच अॅप अशा फोनवर चालायला नकार देतात.

माझं तेच झालं. कंपनीने माझ्या पिक्सेलला अपडेट देणं थांबवलं होतं, म्हणून भाच्याने त्यावर लिनिएजओएस बसवून दिलं. त्यात गैर काही नव्हतं. उलट सुरक्षेचे नवे अपडेट मिळू लागले. पण बँकेचं अॅप उघडेना. शेवटी ठरवलं, परत जायचं.

आता क्रम नीट ऐका. पिक्सेलचा सांगतो, इतर कंपन्यांची साधनं वेगळी असतात.

पहिलं, सगळ्याची प्रत काढा आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना, तेही पाहा. नंतर फोन तो मागू शकतो. दुसरं, मॉडेल नेमकं ओळखा आणि त्याचीच इमेज गूगलच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. नाव जवळपास सारखं आहे म्हणून चालत नाही. तिसरं, फोन चार्ज करा, चांगल्या केबलने संगणकाला जोडा आणि डेव्हलपर पर्यायांतून यूएसबी डीबगिंग चालू करा. क्रोम ब्राउझरमधून चालणारं अँड्रॉइड फ्लॅश टूल बाकीचं काम करतं. काम चालू असताना केबलला हात लावू नका. चौथं, मूळ प्रणाली एकदा पूर्ण सुरू होऊ द्या. पाचवं आणि शेवटचं, बूटलोडरला पुन्हा कुलूप लावा. हा क्रम उलटा करू नका. आत परकी प्रणाली असताना कुलूप लावलंत, तर पहारेकरी तिला ओळखणार नाही आणि फोन सुरूच होणार नाही, अशी वेळ येऊ शकते. आणि कुलूप उघडताना जसा सगळा डेटा पुसला जातो, तसाच लावतानाही जातो.

इथे मी चुकलो. फोटोंची प्रत काढली, पण रेकॉर्डरचा फोल्डर वेगळा होता. त्यात आमच्या अक्काने गायलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, अकरा. अक्का आता नाही. काम झालं, फोन अगदी नवा दिसू लागला, आणि भाचा म्हणाला, ‘मामा, आईच्या ओव्या कुठे आहेत?’

म्हणून विचारतो, फोन ‘पूर्वीसारखा’ झाला म्हणजे काय झालं? आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत अभावाचे चार प्रकार सांगतात. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तही ते आहेत. त्यातले दोन बघा. घडा घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव, तो प्रागभाव : त्याला सुरुवात नाही, पण घडा झाला की तो संपतो. घडा फुटल्यावरचा अभाव हा प्रध्वंसाभाव : त्याला सुरुवात आहे, पण शेवट नाही. दोन्ही वेळा घडा नाहीच. पण ते दोन ‘नाही’ एक नव्हेत.

कोऱ्या फोनमध्ये बदल नाही, हा प्रागभाव. परत आणलेल्या फोनमध्ये बदल नाही, हा प्रध्वंसाभाव. डोळ्यांना फरक दिसत नाही. काही यंत्रांत मात्र तो नोंदलेलाच राहतो. सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये अनधिकृत प्रणाली बसवली की नॉक्सचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज उडतो. शून्याचा एक होतो. नंतर मूळ प्रणाली आणली तरी त्या एकाचा शून्य होत नाही, आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी बंदच राहतात. २०२२ साली पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए यांना अँड्रॉइड १३ देताना गूगलने आधीच बजावलं होतं, एकदा १३ वर गेलात की १२ वर परतता येणार नाही. जुन्या बूटलोडरमध्ये सुरक्षेची फट होती, तिकडचा रस्ताच बंद केला. म्हणून फॅक्टरी इमेज निवडताना ती फोनमधल्या बूटलोडरपेक्षा जुनी नाही ना, हेही बघायचं.

तेव्हा श्रोत्याला माझं उत्तर असं. प्रणाली परत येते, कारण तिची प्रत निर्मात्याकडे आहे. तुमचं सामान परत येत नाही, कारण त्याची प्रत तुम्हीच ठेवायची असते. अक्काच्या अकरा ओव्यांपैकी दोन मी कधीतरी एका मावसबहिणीला पाठवल्या होत्या. तेवढ्या राहिल्या. त्या आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत.

आज घरी गेलात की फोन बदलायचा असो वा नसो, रेकॉर्डरचा फोल्डर तेवढा उघडून बघा. आता प्रश्न घेऊ.