न आलेल्यांची नोंद : उपकेंद्रातील परिचारिका आणि लोकसंख्येचे आरोग्य

रुग्णालयातील परिचारिकेची जबाबदारी रुग्ण दाखल झाल्यावर सुरू होते व तो घरी परतला की बहुधा संपते. उपकेंद्रातील परिचारिकेची जबाबदारी मात्र दारात न आलेल्यांपासूनच सुरू होते. सामुदायिक परिचर्या ही रुग्णालयीन परिचर्येची खेड्यातील छोटी आवृत्ती नव्हे, हे या फरकावरून ध्यानात येते.

सपाट प्रदेशात 5000 आणि डोंगरी व आदिवासी भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा शासकीय निकष आहे. तेथील सहाय्यकारी परिचारिका प्रसविकेचे काम पूर्वी मुख्यतः माता-बालसंगोपनाचे होते; करतारसिंग समितीने 1973 मध्ये तिला बहुउद्देशीय आरोग्य सेविकेचे रूप देण्याची शिफारस केली. गावाच्या लेखी ती 'नर्सबाई'च राहिली.

लोकसंख्येचे आरोग्य म्हणजे काय, हे तिच्या एका साध्या हिशेबावरून स्पष्ट होते. 5000 वस्तीत जन्मदर हजारी 15 धरल्यास वर्षाला 75 जन्म अपेक्षित ठरतात. गर्भपात व मृतजन्मांसाठी 10 टक्के मिळवले की अपेक्षित गरोदर मातांची संख्या 82-83 होते. नोंदवहीत 60 नावे असतील, तर उरलेल्या स्त्रिया कोठे आहेत? लहान वस्तीत अंदाज थोडा चुकतो हे खरे. पण एवढी तफावत दिसली की घरोघर फिरणे क्रमप्राप्त होते. कोणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली असते, कोणी खासगी दवाखान्यात नाव घातलेले असते, तर कोणी ऊसतोडणीला गेलेली असते.

शेवटचा गट सर्वांत अवघड. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात व हंगाम संपल्यावरच परततात. नऊ महिने पूर्ण होताच ज्या बाळाला गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा जानेवारीत द्यावयाची, ते त्या वेळी फडावर असते. गावच्या यादीत नाव आहे, पण बाळ नाही. फडाजवळच्या उपकेंद्राच्या क्षेत्रात बाळ आहे, पण यादीत नाव नाही. गोवराचा प्रसार रोखण्यासाठी सुमारे 95 टक्के बालकांचे लसीकरण आवश्यक मानले जाते. सुटलेली बालके एकाच तळावरील कोप्यांमध्ये एकत्र राहत असतील, तर तालुक्याची सरासरी कितीही चांगली असली तरी तेथे साथ पसरू शकते.

2005 नंतर नेमल्या गेलेल्या आशा स्वयंसेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्या याद्या ताडून पाहणे, टोळीच्या मुकादमाकडून कुटुंबांची माहिती घेणे, मातेजवळचे लसीकरण कार्ड तपासणे ही कामे त्यामुळे निव्वळ कारकुनी ठरत नाहीत. आढावा बैठकीत मात्र बहुधा झालेल्या कामाचाच आकडा विचारला जातो. गोवर-रुबेलाची कुपी द्रावक मिसळल्यानंतर चार तासांत वापरावी लागते, उरलेल्या मात्रा टाकून द्याव्या लागतात आणि त्यांचा हिशेबही द्यावा लागतो. फडावर एकच बाळ लसीविना सापडले असता कुपी उघडावी की पुढील सत्राची वाट पाहावी, हा निर्णय त्या क्षणी तिलाच घ्यावा लागतो. आणि पुढील सत्रापर्यंत टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असू शकते.