चित्रांतील जागा आणि तिची साक्ष

इजिप्त देशांतील गिझा येथील पिरॅमिड सुमारें साडेचार हजार वर्षें जागचे हललेले नाहींत. परंतु १९८२ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत 'नॅशनल जिऑग्राफिक' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांतील एक पिरॅमिड दुसऱ्याच्या अंमळ जवळ सरकलेला दिसला. मूळ छायाचित्र आडवें होतें आणि मुखपृष्ठ उभें. दोन्ही पिरॅमिड त्यांत नीट मावेनात, म्हणून त्या सुमारास नव्यानेंच उपयोगांत येऊं लागलेल्या संगणक-यंत्राच्या साहाय्यानें मधलें अंतर कमी करण्यांत आलें. चित्र सुंदर दिसलें. परंतु गोष्ट उघडकीस येतांच मोठा गवगवा झाला. छायाचित्रकार थोडा बाजूस सरून उभा राहिला असता तर त्याला असेंच दृश्य दिसलें असतें, असा बचाव तेव्हांच्या संपादकांनीं केला. तो पुष्कळांस पटला नाहीं. पुढें २०१६ सालीं त्याच मासिकाच्या संपादिकेनें असें पुनः घडणार नाहीं अशी वाचकांस ग्वाही दिली.

तेव्हां जें काम एखाद्या मोठ्या संस्थेसच झेपे, तें आज घरोघर होऊं लागलें आहे. थॉमस व जॉन नोल या अमेरिकन बंधूंनीं रचलेली 'फोटोशॉप' ही संगणकप्रणाली १९९० सालीं विक्रीस आली. १९९४ सालीं तिच्यांत निरनिराळ्या थरांची, म्हणजे लेयरची, सोय झाली. आणि १९९६ सालापासून 'गिम्प' ही तत्सदृश प्रणाली विनामूल्य मिळूं लागली. त्यामुळें समारंभाच्या चित्रांतील समई डावीकडून उजवीकडे नेणें, किंवा भिंतीवर तिरपी राहिलेली तसबीर सरळ करणें, हें आतां कोणाही हौशी माणसास साध्य आहे. ही करामत चालते कशी, हें आधीं पाहूं.

संगणकावरील चित्र म्हणजे रांगोळीच्या ठिपक्यांसारखी एक जाळी असते. चार हजार ठिपके रुंद व तीन हजार ठिपके उंच अशा चित्रांत एक कोटी वीस लक्ष ठिपके भरतात, आणि प्रत्येक ठिपक्यास एकच रंग असतो. एखादी वस्तु हलवावयाची तर तिच्या कडेनें रेघ फिरवून तेवढेच ठिपके निवडावयाचे, त्यांची प्रत निराळ्या थरावर घ्यावयाची आणि तो थर हवा तिकडे सरकवावयाचा. थर म्हणजे जणूं मूळ चित्रावर ठेविलेली पारदर्शक कांच. तिच्यावरील वस्तु हलली तरी खालचें चित्र जसेंच्या तसें राहतें. परंतु त्यामुळेंच समई जुन्या जागींही दिसत राहते. ती झांकण्यासाठीं आसपासच्या भिंतीचे ठिपके उचलून तेथें भरावे लागतात. आतां समईमागची भिंत कॅमेऱ्यानें कधीं पाहिलेलीच नसते. तेथें आपण जें भरतों तें अनुमान असतें, दर्शन नव्हे.

वस्तु फिरविण्यांत आणखी एक मेख आहे. ती बरोबर नव्वद अंश फिरविली तर ठिपके केवळ जागा बदलतात. त्यांचे रंग कायम राहतात. पण सात अंश फिरविली तर जुन्या ठिपक्यांच्या रांगा जाळीच्या रांगांवर बसत नाहींत. मग शेजारच्या ठिपक्यांच्या रंगांचें मिश्रण करून प्रत्येक नवा ठिपका भरला जातो, आणि वस्तूची रेखीवता किंचित् मावळते. पांच वेळां फिरविली तर पांच वेळां मावळते. म्हणून जाणते लोक कोन आधीं ठरवितात आणि एकदांच फिरवितात. मन बदललें तर मूळ प्रतीपासून पुनः आरंभ करितात.

एवढें साधलें तरी उजेड गप्प बसत नाहीं. खिडकी डावीकडे असली म्हणजे साऱ्या सावल्या उजवीकडे पडतात. वस्तु फिरविली कीं तिच्या अंगावरील उजेडही तिच्याबरोबर फिरतो, आणि एकाच खोलींत दोन सूर्य उगवतात. आरशांतल्याप्रमाणें उलटविलेल्या स्त्रीचा डाव्या खांद्यावरील पदर उजव्या खांद्यावर जातो. मागच्या रांगेंतील माणूस पुढें आणून त्याचा आकार वाढविला नाहीं, तर तो उगाच बुटका दिसतो.

चित्रें जुळविण्याची ही हौस संगणकाबरोबर जन्मली असें मात्र नाहीं. १८५८ सालीं हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकारानें मरणोन्मुख मुलगी व तिच्या भोंवतालचीं माणसें यांचें चित्र पांच निरनिराळ्या निगेटिव्ह एकत्र जुळवून तयार केलें. तें कलाकृति म्हणून मांडलेलें होतें. अमुक घरीं अमुक दिवशीं असें घडलें, असा त्याचा दावा नव्हता. पिरॅमिडच्या चित्राची गोष्ट वेगळी. वाचकांनीं तें साक्ष म्हणून हातीं घेतलें होतें.

मग आपल्या घरांतील चित्रें या दोहोंपैकीं कोणत्या वर्गांत मोडतात? मुंजीच्या किंवा लग्नाच्या वेळीं काढलेलें एखादें जुनें समूहचित्र पाहावें. मध्यें खुर्च्यांवर वडील मंडळी, मागें उभे असलेले कर्ते पुरुष, पुढें सतरंजीवर मुलें. कोणाच्या मांडीवर कोणाचें मूल आहे, कोणता जांवई मध्यभागीं बसविला आहे, कोणती विधवा आत्या अगदीं कडेला उभी आहे, हें सारें त्यांत न लिहितां लिहिलेलें असतें. ज्या घराची हकीकत कोणी टिपून ठेविली नाहीं, त्या घराविषयीं पन्नास वर्षांनंतर एवढाच कागद बोलतो. त्या आत्यास आज आपण प्रेमापोटीं उचलून मध्यभागीं बसविलें, तर तिला मान दिल्याचें समाधान आपणांस लाभेल. पण ती कडेला उभी होती हें सत्य पुसलें जाईल, आणि तिनें जें सोसलें त्याची कदाचित् एकमेव खूण नाहींशी होईल. मग वांटणीच्या भांडणापायीं एखाद्या भावास चित्राबाहेर सरकविण्याविषयीं तर बोलावयासच नको.

याचा अर्थ ही विद्या घरांत येऊं देऊं नये असा नव्हे. निमंत्रणपत्रिका, दिवाळीचें शुभेच्छापत्र, मुलांच्या गमतीचीं चित्रें यांत वस्तु खुशाल हलवाव्या आणि फिरवाव्या. परदेशीं राहिलेल्या मुलीस धाकट्या भावाच्या लग्नाच्या चित्रांत आणून बसविलें, तर त्या आईच्या मायेसही कोणाला दोष देववणार नाहीं. फक्त तीन पथ्यें पाळावीं. मूळ चित्रास हात न लावतां तें निराळ्या नांवानें जपून ठेवावें. बदललेल्या चित्राची एक प्रत थर न मिटवितां राखावी, म्हणजे काय हलविलें तें केव्हांही उलगडून पाहतां येतें. आणि छापील प्रतीच्या पाठीमागें कोणाची जागा बदलली तें तारखेसह एका ओळींत लिहावें. ती ओळ असली म्हणजे नातवंडांना दोन्ही गोष्टी कळतील: त्या दिवशीं कोण कोठें होतें हें, आणि तें कोठें असावें अशी आपली इच्छा होती हेंही.