बँकर सुटल्यावर

कसाऱ्याला गाडी थांबते, मागून धक्का बसतो आणि डब्यातला रोजचा प्रवासी पेपरातून डोकं न काढता सांगतो, “बँकर लागला.” थळ घाटात दर सदतीस फुटांना एक फूट चढ आहे. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नाही, म्हणून शेपटाला जादा इंजिनं जोडून गाडी ढकलत वर आणायची. इगतपुरीला ती सुटतात आणि पुढचं घोटी स्टेशन गाडी आपल्या बळावर गाठते. उलट दिशेने, मुंबईकडे उतरताना, इगतपुरीला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. एवढं करूनही ब्रेक दगा देऊ शकतात हे धरून घाटात कॅच सायडिंग ठेवलेलं आहे. बेफाम सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून काढून चढाच्या रुळावर घालायची. तिथे तिचा वेग आपोआप जिरतो.

मुंबई एफसी या फुटबॉल क्लबबद्दल लिहायला बसलो की मला आधी हा घाट आठवतो. हा क्लब २००७ साली एस्सेल समूहाने काढला. आय-लीगही त्याच वर्षी, जुन्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या जागी सुरू झाली होती. डेव्हिड बूथ या इंग्लिश प्रशिक्षकाच्या हाताखाली मुंबई एफसीने २००८ मध्ये दुसरी डिव्हिजन जिंकली आणि क्लब वरच्या लीगमध्ये आला. चढ एका दमात पार झाला. पुढची नऊ वर्षं मात्र पुन्हा खाली घसरू नये, एवढ्याच कामात गेली.

रेलिगेशनला मराठीत कोणी ‘पदावनती’ म्हणतात. तो शब्द मला सरकारी खात्यातल्या चौकशीसारखा वाटतो. मैदानावर ‘खाली जाणं’ आणि ‘वाचणं’ हे दोनच शब्द चालतात, आणि मुंबई एफसीचा सगळा इतिहास ‘वाचला’ या एका क्रियापदात बसतो.

घोटीहून कुपरेजला सामना बघायला जाणं हा घरच्यांच्या मते शुद्ध वेडेपणा होता. आमच्याकडे भाताच्या गिरण्या, बाजार, टोलनाका आणि कळसूबाईला जाणाऱ्यांच्या गाड्या. फुटबॉल म्हणजे कोणाचातरी मुंबईचा भाचा सुटीत घेऊन येतो ती वस्तू. इगतपुरीहून सकाळची पंचवटी धरायची, व्हीटीला उतरून चालत निघायचं. (सीएसएमटी म्हणायची सवय अजून झालेली नाही.) संध्याकाळचा सामना संपेपर्यंत परतीची पंचवटी निघून गेलेली असे. मग रात्रीची कुठलीतरी गाडी, जनरलचा डबा, दाराशी उभं राहून घाट.

कुपरेज म्हणजे मंत्रालयाच्या हाकेच्या अंतरावरचं मैदान. रोव्हर्स कप ही १८९१ साली सुरू झालेली स्पर्धा मुंबईने पिढ्यान् पिढ्या इथेच पाहिली. मी जायला लागलो तोवर तिथे कृत्रिम हिरवळ आली होती. चेंडू टप्पा घेई तेव्हा त्या हिरवळीतून रबराचे काळे बारीक दाणे उडत, अगदी फोडणीत मोहरी तडतडावी तसे. स्टँड लहान, गर्दी बेताची, त्यामुळे गोलरक्षक बचावपटूंना काय ओरडतोय ते शब्द न् शब्द ऐकू येई. पिवळ्या जर्सीतले मोजके समर्थक ढोल घेऊन यायचे. समोर मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल असेल तर मात्र मुंबईतली बंगाली मंडळी एवढी लोटत, की घरचा संघ कोणता हे पाहुण्याला सांगावं लागे. आणि हे घरसुद्धा सलग लाभलं नाही. कुपरेजचं काम चाललं होतं त्या काळात मुंबईच्या या संघाने आपले ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला खेळले. भाडेकरूचीही एवढी परवड होत नाही.

या सगळ्या काळात संघाला मागून ढकलणारा बँकर म्हणजे खालिद जमील. जन्म कुवेतमधला, महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाचा मिडफिल्डर; दुखापतींनी बेजार होऊन मुंबई एफसीतच खेळाडू म्हणून थांबला आणि २००९ मध्ये तिथेच प्रशिक्षक झाला. त्यानंतर २०१६ पर्यंत तोच. ज्या देशात प्रशिक्षकाची बॅग कायम भरलेली असते, तिथे सात वर्षं एका क्लबमध्ये राहणं हाच एक विक्रम म्हणायचा. बोलणं कमी, डोळे मैदानावर, ओठ कसलंसं पुटपुटताहेत, असा तो रेषेपाशी उभा असे.

खालिदच्या संघाचा खेळ देखणा नव्हता, हे समर्थकांनीही मान्य करावं. मागे माणसांची भिंत, मधल्या फळीला धावण्याची सक्तमजुरी, आणि संधी मिळताच पुढच्या परदेशी स्ट्रायकरकडे लांब चेंडू. पण त्यामागे हिशेब होता. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. वर जाणाऱ्या संघाला बरोबरी म्हणजे दोन गुणांचं नुकसान. तळातल्या संघाला तीच बरोबरी म्हणजे एक गुणाची कमाई, आणि समोरचाही तळातलाच असेल तर त्याचा विजय अडवल्याचं जादा समाधान. म्हणून ०-० ला कुपरेजवरचे ते मोजके लोक उठून टाळ्या वाजवत. बाजूला बसलेला नवखा विचारी, “यात टाळ्या कशाला?” त्याला समजावण्यात अर्थ नसे. आवणीच्या वेळी ओढ दिलेला पाऊस एकदाचा पडला की आमच्याकडे लोक बांधावर उभे राहून नुसते हसतात. बाहेरच्याला तो फक्त चिखल दिसतो.

क्लब अगदी कोरडाही नव्हता. पुढे बेंगळुरू एफसीसाठी २०१९ च्या इंडियन सुपर लीग (आयएसएल) अंतिम सामन्यात जादा वेळेत विजयी गोल करणारा मुंबईचा राहुल भेके सुरुवातीच्या काळात याच पिवळ्या जर्सीत खेळला. स्टीव्हन डायससारखा मुंबईचा अनुभवी विंगरही इथे होता. पण इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये आली आणि शहरात मुंबई सिटी एफसी नावाचा दुसरा, झगझगीत क्लब उभा राहिला. नावात एका शब्दाचा फरक, बाकी जमीन-अस्मानाचा. त्या लीगमध्ये खाली जाण्याची भानगडच नव्हती.

महाराष्ट्रातल्या क्लबांचं आणि रेलिगेशनचं नातं इथे चमत्कारिक वळण घेतं, म्हणून थोडा थांबतो. आय-लीगमध्ये पैसेवाले यावेत म्हणून काही कंपन्यांच्या संघांना थेट प्रवेश दिला जाई, आणि सोबत सुरुवातीला खाली न ढकलण्याचं अभय. पुण्याचा भारत एफसी २०१४-१५ मध्ये असा आला आणि शेवटचा, अकरावा राहिला. अभय असल्याने तो वाचला आणि दहावा आलेला गोव्याचा डेम्पो खाली गेला. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलेला डेम्पो! भारत एफसीने मात्र त्या एका हंगामानंतर गाशा गुंडाळला. पुढच्या वर्षी पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स नवव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर होता. त्यालाही अभय. खाली गेला आठवा आलेला मिझोरामचा ऐझॉल एफसी. नापास झाला एक आणि वर्गात बसवलं दुसऱ्याला. हे दोनदा घडलं आणि दोन्ही वेळा नापास होणारा आपला होता, हे मराठी माणसाने जरा मान खाली घालून लक्षात ठेवावं.

त्याच २०१५-१६ मध्ये मुंबई एफसी नऊ संघांत पाचवा आला. वर्षानुवर्षं तळाशी झगडणाऱ्या क्लबसाठी ही जवळजवळ दिवाळी. आणि त्या हंगामानंतर खालिद आणि क्लब वेगळे झाले. इगतपुरी आली, आता बँकरची गरज नाही, असं कोणाला वाटलं असेल का? मला काय वाटतं ते सांगतो: तो क्लब घाटमाथ्यावर कधी पोचलाच नव्हता. सात वर्षं तो घाटातच उभा होता आणि मागून कोणीतरी रेटून धरलं होतं म्हणून स्थिर दिसत होता.

ऐझॉलची गोष्ट इथे येऊन मिळते. गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबने आयएसएलला अव्वल लीग करण्याच्या नव्या आराखड्याला वैतागून आय-लीगमधून अंग काढून घेतलं. दुसरी डिव्हिजन जिंकून पुन्हा वर आलेला डेम्पोही बाहेर पडला. जागा रिकाम्या झाल्या आणि खाली गेलेल्या ऐझॉलला परत बोलावलं गेलं. त्या परत आलेल्या, रेलिगेशनचा शिक्का बसलेल्या क्लबने प्रशिक्षक म्हणून घेतलं खालिद जमीलला.

२०१६-१७ चा तो हंगाम मी कधी विसरणार नाही. दहा संघ, प्रत्येकी १८ सामने. मुंबई एफसीची सुरुवात विजयाने झाली, मग विजय आटले. प्रशिक्षक संतोष कश्यप यांच्या जागी अर्ध्यात स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले, तरी गाडी घसरतच राहिली. तिकडे ऐझॉल वर सरकत होतं. २२ एप्रिलला त्यांनी आपल्या मैदानावर मोहन बागानला १-० असं हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये त्यांना फक्त एक गुण हवा होता. बरोबरीतून मिळणारा तो एक गुण कसा राखायचा, हे ज्याने सात वर्षं कुपरेज-बालेवाडीत घोटलं होतं तो माणूस त्यांच्या बाकावर होता. शिलाँग लाजाँगने आधी गोल केला, ऐझॉलने फेडला, १-१. ऐझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्येतला पहिलाच राष्ट्रीय लीग विजेता.

त्याच तक्त्यात सगळ्यात खाली, दहाव्या जागी, मुंबई एफसी. या वेळी अभय मिळालेला कोणी त्याच्या खाली नव्हता, की त्याला वाचवायला गोव्याचं कोणी बाहेर पडलं नाही.

इंग्लंडमध्ये पहिल्या दर्जाच्या लीगमधून खाली जाणाऱ्या क्लबला तीन वर्षांपर्यंत प्रक्षेपणाच्या पैशातला वाटा मिळत राहतो. पहिल्या वर्षी वरच्या क्लबांच्या समान वाट्याच्या ५५ टक्के, मग ४५, मग २०. तिसरा हप्ता वर किमान दोन हंगाम काढलेल्यालाच. त्याला ते पॅराशूट म्हणतात; मी आपलं कॅच सायडिंग म्हणतो. पडणारा पडतो, पण चढाच्या रुळावर जाऊन थांबतो, पुन्हा जोडला जातो. तिथे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पायरीवरही गावं आपापल्या क्लबसाठी भर पावसात उभी असतात. आपल्याकडे २०१७ साली आय-लीगच्या खाली जे होतं त्याला पायरी म्हणणं धाडसाचं ठरेल: थोडे आठवडे चालणारी स्पर्धा, प्रेक्षक नाहीत, टीव्ही नाही, पुरस्कर्ता तर नाहीच. मुंबई एफसी त्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलाच नाही. बंद झाला. म्हणजे खऱ्या अर्थाने तो खाली गेलाच नाही. जायला खाली काही नव्हतं.

मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला तेव्हा तो कोणाकडून हरून गेला नव्हता. एअर इंडियाला २०१३ मध्ये परवान्याच्या अटींनी बाहेर काढलं. २०१२-१३ चा उपविजेता पुणे एफसी गेला, शिवाजियन्स गेले. यातला एकही मैदानावर गुण कमी पडून खाली गेलेला नाही. माझी तक्रार हीच आहे. खाली जाण्यातही एक मान असतो: तुमचा हिशेब गोलांनी केला, ताळेबंदाने नाही. तो मान महाराष्ट्रात अलीकडे खऱ्या अर्थाने मिळाला तो माहीमच्या केंकरेला. हा क्लब कंपनीच्या थेट प्रवेशाने न येता खालून वर आला आणि २०२२-२३ च्या हंगामानंतर रीतसर खाली गेला. त्याबद्दल मी त्यांना सलाम करतो, आणि हे उपरोधाने लिहीत नाही.

वरची दारं आता किलकिली झाली आहेत. २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेले. २०२५ चं प्रमोशन तर मैदानात मिटलंच नाही. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स की इंटर काशी, हा निकाल स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने जुलैमध्ये काशीच्या बाजूने दिला. चढायची सोय झाली, उतरायची तेव्हा नव्हती: मोहम्मडन पहिल्याच हंगामात तळाला गेला, तरी आयएसएलमध्येच राहिला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला.

आमच्याकडे भाताची सोंगणी झाली की खाचरं मोकळी होतात. गावाबाहेर दोन खाचरं पोरांनी धरली आहेत. वरचं सपाट, खालच्यात ओल टिकते आणि भाताचे खुंट पायाला बोचतात. नियम त्यांनीच केला: रविवारी हरेल त्याने पुढच्या रविवारी खालच्या खाचरात खेळायचं, तिथे जिंकेल त्याने वर यायचं. बांधावर बसून मी दोन महिने बघत होतो, चोख चाललं होतं. मग ज्याचा चेंडू होता त्याचा संघ हरला, चार गोलांनी. तो चेंडू काखेत मारून बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, “आपन नाय जानार खाली.” बराच वेळ वाद झाला. शेवटी त्याच्या संघाऐवजी दुसराच एक संघ खाली पाठवायचं ठरलं.

पुढच्या रविवारी खालच्या खाचरात कोणी आलं नव्हतं. चेंडूवाला आणि त्याची पोरं वर एकटीच एका गोलात चेंडू मारत होती.