हातातलं पदक सोडणारा प्रशिक्षक

शाळेच्या मैदानावर मी मुलांना बास्केटबॉल शिकवतो. एनबीएतली नावं त्यांना तोंडपाठ असतात. पण युरोपातला सर्वांत यशस्वी क्लब प्रशिक्षक कोण, असं विचारलं की सगळी गप्प. म्हणून झेल्को ओब्रादोविच यांची ही गोष्ट.

1960 मध्ये सर्बियातल्या चाचाकला त्यांचा जन्म झाला. आधी तिथल्याच बोराच क्लबकडून खेळले, मग बेलग्रेडच्या पार्टिझानकडून. जागा पॉइंट गार्डची : चेंडू पुढं आणायचा आणि कोणी कुठं पळायचं ते ठरवायचं. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक आणि 1990 मध्ये जगज्जेतेपद मिळवणाऱ्या युगोस्लाव्ह संघांत ते होते.

1991 मध्ये युरोपियन स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघाचं शिबिर सुरू होतं. तेवढ्यात पार्टिझाननं प्रशिक्षकपद देऊ केलं. 31 वर्षांच्या ओब्रादोविच यांनी शिबिर सोडलं आणि खेळणंही. इकडं रोममध्ये सोबत्यांनी सुवर्ण जिंकलं. तिकडं हे कालच्या सहकाऱ्यांना शिकवायला उभे राहिले. पाठीशी बुजुर्ग प्रशिक्षक अलेक्सांदर निकोलिच यांचा सल्ला होता.

त्यातच युगोस्लाव्हियात युद्ध पेटलं. क्लबांच्या युरोपियन स्पर्धेतले ‘घरचे’ सामने पार्टिझानला बहुतेक स्पेनमधल्या फुएनलाब्रादात खेळावे लागले. जोर्जेविच, दानिलोविच हे आधारस्तंभही जेमतेम विशीतले. तरी एप्रिल 1992 मध्ये इस्तंबूलला अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी जोर्जेविचनं थ्री-पॉइंटर टाकला आणि बादालोनाचा होवेंतुत 71-70 असा हरला.

गंमत म्हणजे, पुढं त्याच होवेंतुतनं ओब्रादोविच यांना बोलावलं आणि 1994 मध्ये त्यांनी त्या क्लबलाही युरोपचा विजेता केलं. 1995 मध्ये रेआल माद्रिद, नंतर अथेन्सच्या पानाथिनाइकोसबरोबर पाच वेळा आणि 2017 मध्ये इस्तंबूलच्या फेनरबाह्चेबरोबर. पाच क्लब, 9 विजेतेपदं! एवढी दुसऱ्या कुणाचीही नाहीत.

टाइमआउटमध्ये लालबुंद होऊन ओरडणारे ओब्रादोविच व्हिडिओंमुळं गाजले. मी मुलांना त्यांच्या संघांचे पास बघायला सांगतो. मोकळ्या गड्याला चेंडू वेळेवर मिळालाच पाहिजे, ही पॉइंट गार्डची नजर त्यांनी बाहेर बसूनही सोडली नाही.

ती त्यांच्या खेळाडूंनीही उचलली. 2009 मध्ये त्यांच्या हाताखाली जिंकलेला लिथुएनियाचा गार्ड यासिकेविचुस पुढं स्वतः प्रशिक्षक झाला आणि 2025 मध्ये त्यानं फेनरबाह्चेला युरोलीग, म्हणजे क्लबांची तीच युरोपियन स्पर्धा, जिंकून दिली.